पाणसोटाचे दोन वाफे

काका देठाला करंगळी लावत. करंगळीच, आणि तीही उलटी, नखाच्या बाजूनं, तापल्या तव्याचा अंदाज घ्यावा तशी. देठ टपकन गळला की हलक्या आवाजात म्हणत, "आमेन." मग पुढचं रोप. पुन्हा करंगळी. "आमेन." एखादा देठ गळला नाही, वाळून तिथंच चिकटून राहिला, तर काहीच म्हणत नसत. चाकूच्या टोकानं त्या रोपाशेजारी मातीत एक रेघ ओढत आणि पुढं सरकत.

संत्र्याची कलमं बांधताना तुम्ही कुणाला पाहिलं असेल, तर हे लगेच कळेल. नसेल पाहिलं तर थोडक्यात सांगतो. जंभेरी नावाच्या रानवट लिंबाचं रोप घेतात, पेन्सिलीएवढं जाड झालेलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला काप देतात. चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला बारीक कोंब, सालीसकट काढून त्या कापात सरकवतात. पान छाटतात, देठ तेवढा ठेवतात, आणि वरून पट्टी गुंडाळतात. तीन आठवड्यांनी त्या देठाला हात लावायचा. गळला तर डोळा लागला, चिकटला तर गेला.

आम्ही काम करायचो ती रोपवाटिका बोरगावच्या अलीकडे, सौंसरच्या रस्त्याला लागून होती. ऐंशी साल नुकतंच मागं पडलं होतं. मी घरी बसून परीक्षा देऊन बी.ए. झालो होतो आणि दुसरं काही जमेना म्हणून तिथं पाट्या लिहायला लागलो होतो. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी पत्र्याची एक पाटी असे. डोळे कोणत्या झाडाचे, कधी बांधले, ते मी ऑइलपेंटनं लिहायचो. माझं अक्षर बरं होतं. तेवढंच माझं भांडवल. दुपारी बाभळीखाली पुस्तक उघडून बसलो की काका समोर उकिडवे बसून दगडावर चाकू घासत. "का वाचून राहिला बाबू?" असं विचारत, आणि माझं उत्तर अर्धं व्हायच्या आत उठून जात. दूर कुठंतरी एखाद्या रोपाची पट्टी त्यांना सैल दिसलेली असे.

काका माझ्या नात्यातले नव्हते, सगळेच त्यांना काका म्हणत. ते ख्रिस्ती होते. लहानपण मिशनच्या बोर्डिंगात गेलं, तिथल्या माळ्यानं त्यांना चाकू धरायला शिकवलं. पट्ट्या बांधणाऱ्या बाया त्यांना 'पास्टर' म्हणत.

"पास्टर, माह्या पोरीच्या लग्नाचंही एक आमेन म्हना ना!"

"पहिले तिले धावी पास होऊ दे. कच्च्या देठाले मी हात लावत नाई."

बाया खिदळत. काका मात्र तेवढ्यात दोन रोपं पुढं गेलेले असत.

एकदा नागपूरकडचे एक ख्रिस्ती धर्मप्रचारक साहेब रोपवाटिका बघायला आले. सालीवरचा उभा-आडवा काप पाहून त्यांना भरून आलं. म्हणाले, "अहो, तुम्ही तर रोपारोपावर क्रूस कोरताय!" काका अस्वस्थ झाले. "क्रूस नाई साहेब. साल उचलाले दार लागते, तेवढंच." साहेब गेल्यावर मला म्हणाले, "काम हाय तसं राहू द्या ना म्हना. त्याच्यावर आनखी काऊन कोरता?"

सौंसरात तेव्हा ख्रिस्ती घरं मोजून चार-पाच. रविवारची प्रार्थना एका निवृत्त नर्सबाईंच्या ओसरीवर व्हायची. काकूंची कायमची तक्रार होती. मला सांगायच्या, "प्रार्थनेले बसले का याइच्या बुडाले काटे टोचते बाप्पा. सारे डोये मिटून बसतात, अन् हे उघडे ठेवून बाईच्या अंगनातला शेवगा पाहातात." काका यावर एवढंच म्हणायचे, "हात रिकामे असले का मले त्याच्यासंग बोलताच येत नाई."

आमचं घर बौद्ध. त्यांना ते माहीत होतं. एकदा चाकू घासता घासता त्यांनी विचारलं, "तुमच्यात देव नाई ना?"

"नाही."

"मंग तुह्यं काम कोन पाहाते?"

"मीच पाहतो."

काका उठून गेले. दोन दिवसांनी भर वाफ्यात मान वर करून म्हणाले, "तुह्यं जास्त कठीन हाय, बाबू. थकला तरी तूच, पाहानाराही तूच." दोन दिवस ते माझ्या वाक्याशी झगडत होते, हे तेव्हा मला कळलं.

त्यांचं स्वतःचं म्हणणं साधं होतं. डोळा सालीत गेला, पट्टी बसली, की आत तो नीट बसवलाय की घाईत कोंबलाय, कुणाला दिसत नाही. काका म्हणत, "पट्टीच्या आत तो वरचा पाहून राहिला." बायांनी हेही उचललं होतं. मालकांची जीप फाटकातून आत वळली की पहिली बाई दुसरीला सांगायची, "पाहून राहिला वं, पाहून राहिला!" आणि सगळ्यांचे हात भराभर चालू लागत.

आता त्या नाताळाचं सांगतो. हे लिहायला मी फार दिवस लावले आहेत.

कलमं बांधायचा हंगाम ऐन थंडीचा, त्यामुळं नाताळ नेहमी कामाच्या मधोमध यायचा. दरवर्षी काका-काकू आदल्या दिवशी छोट्या लाइनच्या गाडीनं छिंदवाड्याला जात. सगळे नातेवाईक तिथं, मोठी प्रार्थना तिथं. त्या वर्षी पहिल्यांदाच काकांना सगळ्यांपुढं उभं राहून प्रार्थना सांगायला बोलावलं होतं. आठवडाभर ते ओठ हलवत फिरत होते. काकूंनी त्यांचा पांढरा सदरा दोनदा धुऊन वाळत घातला होता.

जायच्या दिवशी सकाळी दोन वाफे बाकी होते. "तेवढे करून जा काका," मालक म्हणाले. पण चांगल्या काड्या संपल्या होत्या. आमच्याकडं विहिरीजवळ सात नंबरचं म्हणून एक जुनं झाड होतं, भरपूर आणि गोड फळ देणारं. डोळे त्याचेच घ्यायचे, आणि तेही गोल, पिकलेल्या, फळं देऊन गेलेल्या काड्यांवरचे. तशा काड्या शोधायच्या तर झाडावर चढून एकेक निवडावी लागणार होती. दिवस गेला असता.

त्याच झाडाच्या मधल्या फांद्यांतून पाणसोट वर आले होते. पाणसोट म्हणजे सरळसोट, जोमदार, काटेरी फुटवे. त्यांना झाडाचं सगळं पाणी मिळतं, पण फळ येत नाही. त्यांची साल चटकन सुटते, डोळाही पटकन लागतो. पण त्यापासून झालेलं झाड तसंच निघतं: उंच, काटेरी, आणि वर्षानुवर्षं फळाविना. कलम बांधणारा पहिल्याच वर्षी हे शिकतो. काकांना मिशनच्या माळ्यानं ते कान धरून शिकवलं होतं.

काकांनी पाणसोट कापले. मी ते पाहिलं. मला तेव्हा फरक कळत नव्हता. काठ्या एवढ्या सरळ आणि जाड कशा, एवढंच मनात आलं. दोन-तीन तासांत दोन्ही वाफे झाले. काका हातपाय धुऊन, सदरा चढवून स्टेशनकडं गेले. मी पाटीवर लिहिलं: झाड नंबर सात.

खोटं नव्हतं ते. झाड सात नंबरचंच होतं.

तीन आठवड्यांनी काका त्या वाफ्यांपाशी बसले. करंगळी लावली, देठ गळला. पुढचा गळला. त्याच्या पुढचाही. एकही रेघ मातीत ओढावी लागली नाही. बाया थांबून बघायला लागल्या, कारण असे वाफे कुणी पाहिले नव्हते. आणि काका एकदाही आमेन म्हणाले नाहीत.

"पास्टर, गळा बसला काय?" एकीनं विचारलं.

ओळ संपवून काका सरळ बाभळीखाली माझ्यापाशी आले. "बाबू, त्या पाटीवर पाणसोट असं लिह."

मग त्यांनी सगळं सांगितलं. छिंदवाड्याला ते सगळ्यांपुढं उभे राहिले आणि आठवडाभर घोकलेलं एक वाक्यही तोंडाला आलं नाही. दुसऱ्याच दोन ओळी कशाबशा म्हणून खाली बसले. "सारे गाऊन राहिले होते, अन् मले पाणसोट दिसून राहिले होते. मले मालूम होतं, बाबू. कापताना मालूम होतं."

आम्ही दोघं मालकांकडं गेलो. मी हातात ब्रश आणि डबा घेऊनच गेलो होतो. मालक वाईट माणूस नव्हते. काकूंच्या आजारपणात स्वतःची जीप काढून त्यांना नागपूरला नेलं होतं. ते ऐकून हसले.

"लागले ना सारे?"

"हाव."

"झाड सात नंबरचंच ना?"

"हाव. पन—"

"मग पाटी खोटी कशी? काका, नर्सरीतलं सगळ्यात देखणं रोप आहे ते. फळ काय, आज ना उद्या येईलच. उगाच मनाला लावून घेऊ नका." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लिहिली ती राहू दे."

मी ब्रश पुसला आणि डब्याचं झाकण लावलं. काकांनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही. फक्त पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं होतं की मी हुकूम पाळला. पुढं कितीतरी वर्षं मी दुसऱ्याही पाट्या लिहिल्या; प्रत्येक पाटी लिहिताना ते पाहणं आठवलं.

एकदा सकाळी काका त्या वाफ्यात बसलेले दिसले, एका रोपाच्या बुडाशी मूठ आवळून. उपटणार, असं वाटलं. मग मूठ सोडून उठले. "या रोपायची काय गलती?" म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात पांढुर्ण्याच्या एका शेतकऱ्यानं दोन्ही वाफे घेतले. रोपं मातीच्या गोळ्यासकट काकांनीच काढली, गोणपाटात बांधली, गाडीत लावली. शेतकरी तरणाताठा, बोलका. "काय रोपं हाय काका! शिपायासारखे उभे हाय!" काका गाडीच्या मागं मागं फाटकापर्यंत गेले आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तिथंच उभे राहिले.

त्यानंतर काकांना एका जागी बसलेलं मी पाहिलंच नाही. बाभळीखालीही उभ्यानं भाकर खायचे. ओसरीवरच्या प्रार्थनेत ते आता दाराजवळ उभे राहतात, असं काकूंनी सांगितलं. वर्ष असंच गेलं. मग एका शनिवारी मला म्हणाले, "उद्या चाल माह्यासंग पांढुर्ण्याले. पाटी तुह्या हातची होती."

बसमधून उतरून आम्ही तासभर चाललो. शेतकऱ्यानं आनंदानं खाट टाकली, चहा सांगितला. पाच ओळींची बाग होती, झाडं छातीपर्यंत आलेली, हिरवीगार. काकांनी चहा घेतला नाही. उभ्यानंच सांगितलं.

शेतकऱ्याला आधी थट्टा वाटली. "म्हंजे फळ नाई लागनार?"

"लागन. उशिरा लागन, कमी लागन. काटे येतीन. लोकायच्या बागा भरतीन अन् तुह्यी रिकामी राहीन."

"अन् हे आता सांगून राहिले तुमी? वर्षभर पानी पाजून राहिलो मी यायले!"

"हाव."

"काऊन केलं असं? दुश्मनी होती काय माह्यासंग?"

"प्रार्थनेले जायाची घाई होती."

तो बघतच राहिला. "देवाच्या कामाले जाऊन राहिले होते?"

"हाव."

"मंग हे काम कोनाचं होतं?"

काकांनी मान खाली घातली नाही. ते त्या माणसाकडं टक लावून बघत होते. वर्षभर जे त्यांना स्वतःशी नीट म्हणता येत नव्हतं, ते एका परक्या माणसानं रागाच्या भरात म्हणून टाकलं होतं.

"मी पुन्हा डोये बांधून देतो," काका म्हणाले. "उभ्या झाडायवर. चांगल्या काडीचे."

"माह्या झाडाले हात लावू नका. जा तुमी."

आम्ही परत आलो. पुढच्या रविवारी काका एकटेच गेले. शेतकऱ्यानं शेताच्या बांधावरूनच परत लावलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तेव्हा तो म्हणाला, "एक ओय करा. मेली तं मेली. बाकीले हात नाई लावाचा."

थंडीत काकांनी ती एक ओळ केली. सात नंबरच्या झाडावर स्वतः चढून एकेक काडी निवडली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि लेकरू न्यावं तशी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. वर्षभर शेतकऱ्यानं वाट पाहिली. डोळे फुटून चांगले वाढले, तेव्हा पुढच्या थंडीत त्यानं दोन ओळी करू दिल्या, आणि त्याच्या पुढच्या थंडीत आणखी एक. या सगळ्या काळात काका जवळपास दर रविवारी पांढुर्ण्याला जात. जंभेरीचे फुटवे काढत, पट्ट्या सैल करत, किंवा नुसतेच फिरून येत.

नर्सबाईंना हे आवडलं नाही. एकदा माझ्यासमोरच त्यांनी काकांना रस्त्यात अडवलं. "इतवार प्रभूचा दिवस आहे. त्या दिवशी तुम्ही चाकू घेऊन हिंडता?"

"त्याच्याचकडं जाऊन राहिलो, बाई," काका म्हणाले. "मले ओसरीवर भेटत नाई तो. तिथं भेटते कधी कधी."

"कधी कधी?"

"हाव. रोज भेटते असं कसं म्हनू?"

तुम्हाला वाटेल, यातून काकांना शांती मिळाली असेल. मला तसं दिसलं नाही. बसमध्ये ते दर फाट्याला खिडकीबाहेर डोकं काढून किती राहिलं ते बघत. पण एका रविवारी मी सोबत गेलो होतो, आणि ओळीच्या पलीकडून मला त्यांचा आवाज आला. मला वाटलं शेतकरी आहे जवळ. कुणी नव्हतं. काका झाडापुढं गुडघ्यांवर बसून साल उचलत होते आणि बोलत होते. "इथं साल जाड हाय, पाह्य. जरा अजून खालून घेऊ काय? हाव, इथून. हा डोया बारीक हाय, पन चांगला हाय. तुले कसा वाटते?" दुसरा कारागीर शेजारी बसला असावा, तसं. मी खोकलो नाही. तिथंच उभा राहिलो, आणि ते उठले तेव्हा आत्ताच आल्यासारखं केलं.

शेवटच्या ओळीची थंडी त्यांना मिळाली नाही. भादव्यात ताप आला. ते दोन दिवस तापातच काम करत राहिले, मग काकूंनी नागपूरला नेलं. आठवड्याच्या आत निरोप आला. माती तिकडंच झाली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि नर्सबाई काकूंचा हात धरून बसल्या होत्या. काकू मला म्हणाल्या, "दवाखान्यात म्हनून राहिले होते, एक ओय राह्यली. एक ओय राह्यली. डॉक्टर म्हने, काय राह्यलं? मी काय सांगू त्याले?"

मी पांढुर्ण्याला कळवायला गेलो नाही. पोस्टकार्ड टाकलं.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं गेली. मी रोपवाटिका सोडून सौंसरच्या एका शाळेत लागलो. एका जानेवारीत शेतकऱ्याचा निरोप आला, एकदा येऊन जा. गेलो.

काकांनी पहिल्यांदा केलेली ओळ फुलांनी पांढरी झाली होती. तिच्या पुढच्या ओळींवरही कळ्या धरल्या होत्या. सगळीकडं वास कोंदलेला, माश्यांचा आवाज. शेवटची ओळ मात्र वेगळीच होती. डोक्याच्या वर दोन पुरुष गेलेली झाडं, बोटभर काट्यांची. तिच्या बुडाशी दोन माणसं कुऱ्हाडी टेकवून विडी ओढत बसली होती.

"आज तोडाची होती ही ओय," शेतकरी म्हणाला. "सकाळी माणसं आली, अन् मले हे दिसलं." त्यानं वर बोट दाखवलं. अगदी शेंड्याजवळ, काट्यांच्या मधे, एका झाडावर दहा-बारा फुलं होती. फक्त एकाच झाडावर.

"आता काय करू? तोडून नवीन लावू, का ठेवू? का पुन्हा डोये बांधू कोनाकडून? तुमी तं काकाजवळ बसत होते. तुमीच सांगा."

मला काय कळत होतं? मी पाट्या लिहिल्या होत्या. जवळच्या फांदीला हात लावून पाहिला, आणि काटा लागल्यावर मागं घेतला. ती दोन माणसं आमच्याकडं बघत होती. शेतकरीही बघत होता. त्यालाही ठाऊक होतं, मलाही, की हे विचारायचं ते कुणाला.

"इतवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. काका इथं यायचे तो वार.

त्यानं मान हलवली आणि माणसांना घरी पाठवलं. इतवारी कोण येणार आहे, हे त्यानं विचारलं नाही.